गोळ्यांच्या पट्टीचं सील घरी कसं तपासावं

औषध घेताना आपण तारीख बघतो, फार तर किंमत. सील सहसा कुणी बघत नाही. पण मुदतीच्या आत गोळी बिघडायला दमट हवा पुरते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात तिला तोटा नाही.

आधी पट्टी उलटी करा. फॉइलवर बारीक चौकटींचा ठसा दिसेल. गरम रोलरने फॉइल दाबून चिकटवल्याची ती खूण. प्रत्येक कप्प्याभोवती हा ठसा सलग हवा. मध्येच गुळगुळीत पट्टा असेल, सुरकुती कप्प्यापर्यंत गेली असेल किंवा गोळीचा चुरा चिकटवणीत अडकला असेल, तर हवेला तिथून वाट आहे.

मग कापलेली कड. माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पट्टी दहाची, डॉक्टरांनी लिहिल्यात सहा. मेडिकलवाला कात्री चालवतो. कात्री दोन कप्प्यांच्या मधून गेली तर काही बिघडत नाही. घाईत ती फुगवट्याला चाटून गेली, तर तळाशी केसाएवढी फट पडते आणि वरून ती दिसत नाही. म्हणून कड डोळ्यांसमोर आडवी धरा. कप्पा आणि काप यांच्यामध्ये चिकटलेला भाग शिल्लक दिसला पाहिजे. बॅच नंबर आणि मुदत पट्टीच्या ज्या टोकाला छापलेली असते ते टोक मागून घ्या, नाहीतर तिथेच फोटो काढा.

प्लास्टिक पारदर्शक असेल तर खोलीत अंधार करून त्या बाजूने टॉर्च मारा आणि फॉइलकडून बघा. कप्प्यावर उजेडाचा ठिपका चमकला तर तिथे भोक आहे. दोन्ही बाजूंनी फॉइल असलेल्या पट्टीला हा उपाय लागू नाही. तिथे कप्पे हलकेच दाबून एखादाच चपटा पडतोय का ते बघा.

पट्टी पाण्यात बुडवून बुडबुडे मोजू नका. कारखान्यात तसं करतात खरं: मिथिलीन ब्लू घातलेल्या पाण्यात पट्ट्या बुडवून भांड्यातली हवा पंपाने खेचतात, मग परत सोडतात. गळक्या कप्प्यात निळं पाणी शिरतं. पण त्या नमुन्याच्या पट्ट्या असतात, कुणाला खायच्या नसतात.

सिरपच्या बाटलीचं काम सोपं. झाकणाखालची कडी अखंड हवी आणि पहिल्यांदा फिरवताना ती तुटल्याचं हाताला कळायला हवं. डोळ्यांच्या थेंबांच्या ज्या बाटलीला टोपणातल्या काट्याने भोक पाडावं लागतं, ती भोक पाडण्याआधी उलटी धरून दाबा. थेंब आला तर वापरू नका.

सील शाबूत म्हणजे औषध अस्सल, असं मात्र नाही. ती वेगळी तपासणी. त्यासाठी १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा केला आहे.

दोष सापडला तर गोळी घेऊ नका आणि पट्टी फेकूही नका. बिलासकट दुकानात न्या. बदली पट्टी त्याच बॅचची असेल तर काउंटरवरच तपासा. तिच्यातही तोच दोष निघाला तर बॅच नंबर आणि फोटो देऊन एफडीएकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे, तक्रार करा.