घंटागाडी आली की भुंकत सुटणाऱ्या कुत्र्याला 'गप' कसं शिकवावं

कुत्रा नेमका कशावर भुंकतो ते आधी बघा. आमच्या सांगलीत, विश्रामबागेकडच्या बंगल्यांत कारणं ठरलेली: घंटागाडी, दूधवाला, गेटसमोरून जाणारी भटकी कुत्री. गेटला आतून शेडनेट बांधा, रस्ता दिसेनासा झाला की बरंच भुंकणं तिथेच कमी होतं. घंटागाडी यायच्या आधी त्याला भरपूर फिरवून आणा. दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा भुंकणारच, त्याला शिकवण्यात अर्थ नाही. आधी साखळी सोडा. म्हातारा कुत्रा अचानक भुंकायला लागला असेल तर डॉक्टरांना दाखवा.

आता 'गप'. मलाही हीच पायरी जड गेली. ओरडा, पेपरची गुंडाळी उगारा, तोंडावर पाणी मारा, असं लोक सांगतात. एकही ऐकू नका. तुम्ही ओरडलात की त्याला वाटतं, घरचेही भुंकायला आले. करंट देणारा पट्टा तर घरात आणूच नका. कुत्रा गप होतो, पण भीती आत तशीच राहते, आणि असा कुत्रा पुढे न भुंकता थेट चावू शकतो.

ओळखीच्या कुणाला तरी गेट वाजवायला सांगा. दोन-चारदा भुंकू द्या, राखण करणं त्याचा हक्क आहे. मग साध्या आवाजात एकदाच 'गप' म्हणा आणि उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा नाकाशी धरा. हुंगायला तो थांबतो. थांबल्यावर मनात दोन अंक मोजा, मगच द्या. भुंकत असताना दिलात तर ते भुंकण्याचं बक्षीस झालं. रोज थोडं वाढवत दोनाचे पाच, पाचाचे दहा करा. पुढे तुकडा आधी दाखवू नका, 'गप' ऐकून थांबला की खिशातून काढा.

हुशार कुत्रा इथे एक युक्ती शोधतो: मुद्दाम भुंकायचं, गप व्हायचं, खाऊ मिळवायचा. म्हणून गेट वाजूनही तो भुंकलाच नाही, तर सगळ्यात मोठा तुकडा तेव्हा द्या. हे कुणी सांगत नाही आणि सगळं इथेच फसतं.

खाऊ म्हणून चिकन, उकडलेलं अंडं, पनीर चालेल. आपल्याकडे घरोघरी बेदाणा असतो, तो चुकूनही नको. द्राक्ष आणि बेदाणा, दोन्हींनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पोरांना हे बजावून ठेवा.

जेवताना समोर बसून भुंकत असेल तर त्याच्याकडे बघूही नका. आधी भुंकणं वाढेल. तेव्हा आजीने कीव येऊन पोळीचा तुकडा टाकला, की अजून जोरात भुंकलं तर मिळतं, हे तो पक्कं शिकतो. आजीला आधीच विश्वासात घ्या.

घंटागाडीचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून अगदी हळू वाजवा, खाऊ द्या, मग आवाज वाढवत न्या. तो ताठरला तर आवाज पुन्हा कमी करा.

दिवाळीत हे सगळं बंद. फटाक्यांवरचं भुंकणं भीतीचं असतं. आतल्या खोलीत न्या, खिडक्या लावा आणि त्याच्याजवळ बसा.