एअर ब्रेक असलेल्या रूपांतरित बसमध्ये हवेचा पुरवठा कसा वाढवावा

प्रवासी बसचे फिरते घर झाले की तिच्या हवेच्या यंत्रणेचे काम बदलते. रोज रस्त्यावर धावणारी बस सतत हवा तयार करत असते. घर झालेली बस मात्र आठवडेच्या आठवडे उभी राहते आणि शिवाय सस्पेन्शनचे फुगे, हवेची सीट, भोंगा, हवेवर चालणारे दार आणि टायर भरण्याची नळी अशी नवी-जुनी मागणी त्याच कॉम्प्रेसरवर पडते. इंजिन सुरू केल्यावर दाब चढायला फार वेळ लागू लागला की बहुतेक मालकांना आणखी एक टाकी बसवावीशी वाटते. पण टाकी बसवल्याने वाढतो तो साठा. पुरवठा कॉम्प्रेसरकडून येतो आणि गळतीतून जातो, त्यामुळे मोठ्या टाकीला दाब चढायला उलट जास्तच वेळ लागतो. म्हणून आधी गळती, मग कॉम्प्रेसर, त्यानंतर ब्रेक आणि इतर उपकरणांची विभागणी आणि सर्वांत शेवटी वाढीव क्षमता, असा क्रम मी आग्रहाने सुचवतो.

कामाआधीची खबरदारी

बस सपाट जागेवर उभी करून चाकांच्या पुढे आणि मागे भक्कम ठोकळे लावावेत, कारण तपासणीच्या वेळी पार्किंग ब्रेक सोडावा लागणार आहे. हवेचे सस्पेन्शन असलेल्या बसखाली चासीला योग्य ठिकाणी वजन पेलणारे स्टँड लावल्याशिवाय कधीही शिरू नये. एखादा पाइप सुटला तर बस क्षणात खाली बसते. दाब असलेला जोड सैल करू नये, आधी टाक्या पूर्ण रिकाम्या कराव्यात. टाकीवर वेल्डिंग किंवा ड्रिलिंग करू नये आणि स्प्रिंग ब्रेकचा (हवा गेली की स्प्रिंगच्या जोराने लागणाऱ्या पार्किंग ब्रेकचा) चेंबर उघडू नये, कारण आतल्या स्प्रिंगमध्ये माणसाचा जीव घेण्याइतकी ताकद दाबून ठेवलेली असते. ब्रेकच्या मूळ मांडणीत बदल करायचा असेल तर तो एअर ब्रेकचे काम जाणणाऱ्या प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच करवून घ्यावा आणि आपल्या भागातील वाहन तपासणीचे नियम आधी पाहावेत.

आजची स्थिती मोजणे

सर्व टाक्यांवरील माहितीची पट्टी वाचून किंवा लांबी-व्यास मोजून त्यांची एकूण क्षमता लिटरमध्ये लिहून घ्यावी. मग इंजिन कामाच्या वेगावर चालवून दाब ८५ पीएसआयवरून (पीएसआय म्हणजे पौंड प्रति चौरस इंच, दाबाचे एकक) १०० पीएसआयवर जायला किती सेकंद लागतात ते मोजावे. दुहेरी (ब्रेकचे प्राथमिक आणि दुय्यम असे दोन वेगळे हवामार्ग असलेल्या) यंत्रणेच्या वाहनात हे काम ४५ सेकंदांत व्हावे असे अमेरिकेतील व्यावसायिक चालकांना शिकवले जाते. टाक्या किमान गरजेपेक्षा मोठ्या असतील तर वेळ थोडा वाढू शकतो.

या १५ पीएसआयचा एक मोठा उपयोग आहे. वातावरणाचा दाब सुमारे १४.७ पीएसआय असतो, म्हणजे दाब १५ पीएसआयने वाढवायला टाक्यांच्या क्षमतेइतकीच मोकळी हवा लागते. म्हणून टाक्यांच्या लिटरला ६० ने गुणून मोजलेल्या सेकंदांनी भागले की दर मिनिटाला प्रत्यक्ष किती लिटर हवा पोहोचते ते कळते. टाक्या १५० लिटरच्या आणि वेळ ४५ सेकंद असेल तर पुरवठा २०० लिटर येतो. वेळ ९० सेकंद लागला तर तो निम्म्यावर आला आहे.

त्यानंतर पूर्ण दाबावर इंजिन बंद करावे, पार्किंग ब्रेक सोडावा, काटा स्थिरावू द्यावा आणि एका मिनिटातील घट पाहावी. एकट्या वाहनासाठी ती २ पीएसआयपेक्षा जास्त नसावी. पेडल दाबून धरून तीच चाचणी केली तर मर्यादा ३ पीएसआयची असते. मात्र मर्यादेत असलेली गळतीही क्षुल्लक नसते: १५० लिटरच्या टाक्यांत मिनिटाला २ पीएसआय घट म्हणजे दर मिनिटाला सुमारे २० लिटर मोकळी हवा बाहेर जाते. छोटा विजेचा कॉम्प्रेसर मिनिटाला ३० लिटर देत असेल, तर त्यातले २० लिटर या गळतीतच जातील.

गळती शोधणे आणि बंद करणे

साबणाचे दाट पाणी आणि मऊ ब्रश एवढे साहित्य पुरते. अमोनिया असलेला काच पुसण्याचा द्रव वापरू नये, तो पितळी जोडांना बाधतो. मोठी गळती कानाला ऐकू येते, पण खरा त्रास लहान गळत्यांचा असतो. सस्पेन्शनची उंची राखणाऱ्या लेव्हलिंग व्हॉल्व्हच्या निकास छिद्रावर साबण लावून पूर्ण मिनिटभर पाहावे. सुरुवातीला काहीच दिसत नाही, मग छिद्राच्या कडेला बारीक पांढरा फेस जमतो आणि हळूहळू त्याचा फुगा होतो. असे दोन-तीन व्हॉल्व्ह आणि डॅशबोर्डमागचे जुने जोड मिळून रात्रभरात टाक्या रिकाम्या करतात.

ब्रेक पेडलच्या व्हॉल्व्हचा निकास, ब्रेक चेंबरची (हवेच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या डब्याची) पडदी, दाराचे सिलिंडर, हवेवर चालणारे वायपर, कॉम्प्रेसरने हवा केव्हा भरायची हे ठरवणाऱ्या गव्हर्नरचे निकास छिद्र आणि हवेतला ओलावा काढणाऱ्या ड्रायरचे तोंड हीही ठिकाणे तपासावीत. रूपांतराच्या वेळी अर्धवट कापून बूच लावून सोडलेले पाइप हमखास गळतात, म्हणून बंद केलेल्या उपकरणाचा पाइप उगमापाशीच बंद करावा. कडक झालेला किंवा तडे गेलेला होज बदलताना ब्रेकसाठीच प्रमाणित केलेला होज घ्यावा. जोडांवर टेफ्लॉनच्या पट्टीऐवजी सीलंट पेस्ट लावावी. पट्टीचे तुकडे सुटून व्हॉल्व्हमध्ये अडकतात आणि व्हॉल्व्ह नीट बसू देत नाहीत.

कॉम्प्रेसरचा श्वास मोकळा करणे

नवा कॉम्प्रेसर घेण्याचा विचार करण्यापूर्वी जुन्याची पूर्ण क्षमता मिळते का ते पाहावे. हवा आत घेणारा फिल्टर तुंबला असेल किंवा आत जाणारा पाइप दबला असेल तर हवा कमी येते आणि तेल वर खेचले जाते. कॉम्प्रेसर पट्ट्यावर चालत असेल तर पट्ट्याचा ताण आणि पुलीची चकाकी पाहावी; पुली आरशासारखी गुळगुळीत झाली असेल तर पट्टा घसरत आहे.

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे कॉम्प्रेसरपासून ड्रायरपर्यंतचा निकास पाइप. तो सोडवून कॉम्प्रेसरच्या तोंडाशी टॉर्च धरावा. जुन्या पाइपात काळ्या कोळशाचा कडक थर असतो, कधी मधले छिद्र पेन्सिलीएवढेच उरलेले असते. थर दीड मिलिमीटरहून जाड असेल तर घासत बसण्यापेक्षा पाइप बदलावा आणि कॉम्प्रेसरचे हेडही तपासावे. नवा पाइप ड्रायरकडे सतत उताराचा असावा, मध्ये झोळ पडू देऊ नये, कारण तिथे पाणी साचते. तो पुरेसा लांबही हवा, म्हणजे हवा ड्रायरपर्यंत थंड होऊन पोहोचते.

गव्हर्नर साधारणतः १०० पीएसआयच्या आसपास कॉम्प्रेसर भरायला लावतो आणि १२० ते १२५ पीएसआयला थांबवतो. हवा जास्त मिळावी म्हणून ही वरची मर्यादा वाढवणे मला अजिबात मान्य नाही. पुरवठा त्याने वाढत नाही, उष्णता आणि तेल मात्र वाढते. कॉम्प्रेसर इंजिन चालू असल्याच्या वेळेच्या एक चतुर्थांशाहून जास्त काळ हवा भरत राहू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. ड्रायरचे कार्ट्रिज वापरानुसार दोन ते तीन वर्षांनी बदलावे, आणि वेट टँकमधून (कॉम्प्रेसरकडून हवा प्रथम येते त्या टाकीतून) पाण्यासोबत काळसर तेल निघत असेल तर कॉम्प्रेसरच्या रिंगा झिजल्या आहेत असे समजून तपासणी करावी.

ब्रेकची हवा वेगळी राखणे

घरगुती सोयीची सर्व उपकरणे एका स्वतंत्र टाकीवर घ्यावीत. ती टाकी मुख्य यंत्रणेला प्रेशर प्रोटेक्शन व्हॉल्व्ह आणि एकदिशा व्हॉल्व्हमधून जोडावी. प्रेशर प्रोटेक्शन व्हॉल्व्ह सुमारे ७० पीएसआयला बंद होतो, म्हणून सीटचा होज फुटला तरी ब्रेकच्या टाक्यांत तेवढा दाब राहतो. कमी दाबाचा इशारा ६० पीएसआयला मिळतो हे लक्षात घेता ही मर्यादा त्याच्या वरच हवी. टायर भरण्याची नळी प्राथमिक किंवा दुय्यम ब्रेक टाकीवर थेट कधीही घेऊ नये.

एकदिशा व्हॉल्व्ह चांगले आहेत का हे पाहायला वेट टँकमधली हवा पूर्ण सोडून द्यावी. ब्रेकच्या दोन्ही टाक्यांचे काटे जागेवर राहिले पाहिजेत; एखादा काटा उतरू लागला तर त्या टाकीचा व्हॉल्व्ह बदलावा.

मग क्षमता वाढवणे

एवढे करूनही पुरवठा अपुरा असेल तर मोठा कॉम्प्रेसर घ्यावा, पण इंजिनाच्या निर्मात्याने मान्य केलेलाच. त्याच्यासोबत तेलाचा, थंड ठेवणाऱ्या पाण्याचा आणि निकासाचा पाइप तसेच ड्रायरही त्या क्षमतेचा लागतो. जुना ड्रायर ठेवला तर वाढलेली हवा ओलीच पुढे जाईल.

उभ्या बससाठी विजेचा साहाय्यक कॉम्प्रेसर उपयोगी आहे. तो उपकरणांच्या टाकीला जोडणे उत्तम. वेट टँकला जोडायचा असेल तर त्याचा स्वतःचा ड्रायर आणि एकदिशा व्हॉल्व्ह असावा आणि त्याचा दाब-स्विच गव्हर्नरच्या वरच्या मर्यादेआधीच बंद होईल असा लावावा. विजेची तार योग्य जाडीची, रिले आणि फ्यूजसह असावी. १५० लिटरच्या रिकाम्या टाक्या १२० पीएसआयपर्यंत न्यायला सुमारे १,२२५ लिटर हवा लागते, म्हणजे मिनिटाला ३० लिटर देणाऱ्या कॉम्प्रेसरला गळती शून्य असली तरी ४० मिनिटे.

साठा खरोखर कमी आहे की नाही, हे अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस १२१ या मानकाच्या नियमाने ताडता येते: बसच्या सर्व टाक्यांची मिळून क्षमता सर्व ब्रेक चेंबरांच्या एकूण आकारमानाच्या किमान १२ पट असावी. टाइप ३० या मापाचा चेंबर सुमारे १.४६ लिटरचा धरला जातो. सहा चेंबर असतील तर किमान १०५ लिटर लागतात. याहून कमी असेल तरच ब्रेकच्या बाजूला टाकी वाढवावी. ती वाहनाच्या हवेसाठी प्रमाणित, खाली निचऱ्याचा व्हॉल्व्ह असलेली आणि पट्ट्यांनी चासीला घट्ट बांधलेली असावी. १५० पीएसआयचा सुरक्षा व्हॉल्व्ह वेट टँकवर शाबूत आहे का तेही याच वेळी पाहावे.

शेवटची चाचणी

काम संपल्यावर ८५ ते १०० पीएसआयचा वेळ आणि गळती पुन्हा मोजून आधीच्या आकड्यांशेजारी लिहावी. इंजिन बंद ठेवून, किल्ली चालू करून पेडल वारंवार दाबावे: दाब ६० पीएसआयखाली जाण्याआधी इशारा यायला हवा आणि २० ते ४५ पीएसआयच्या दरम्यान पार्किंगचे बटण आपोआप बाहेर येऊन स्प्रिंग ब्रेक लागायला हवेत. पहिल्या लांब प्रवासानंतर प्रत्येक टाकीचा निचरा पांढऱ्या फडक्यावर घेऊन पाहावा. ड्रायरपुढच्या टाक्यांतून पाणी आले तर ड्रायरला त्या मागणीचा भार पेलवत नाही आणि तो मोठ्या क्षमतेचा घ्यावा लागेल.