दोन कारखान्यांचा सायबर धोका तोलताना या चुका टाळा

पुण्याच्या किंवा बेंगळुरूच्या मोठ्या कंपनीचा व्हेंडर फॉर्म हल्ली बेळगावच्या उद्यमबागेतल्या दहा-बारा मशीनच्या कारखान्यातही येऊन पडतो. पूर्वी त्यात दर्जा, डिलिव्हरी, कॅलिब्रेशन एवढंच विचारायचे. आता शेवटी ‘सायबर सुरक्षा’ असं एक जादा पान असतं. फायरवॉल आहे का, अँटिव्हायरस आहे का, बॅकअप घेता का. मालक अकाउंटंटला सांगतो, ‘सगळीकडं होय मारून सोड.’ तिकडे कुणीतरी ते ‘होय’ मोजतं आणि बेळगावजवळच्याच मच्छेचा कारखाना होनग्याच्या कारखान्यापेक्षा सुरक्षित ठरतो.

हे फॉर्म भरून देणं आणि कधी कधी दुसऱ्यांनी भरलेले तपासणं, हे माझं रोजचं काम. त्यात त्याच त्याच चुका दिसतात, आणि बहुतेकांचं मूळ एकच. आपण कारखान्यात काय काय आहे ते मोजतो, पण काय बंद पडलं तर गाडी किती दिवस गेटच्या आत अडकेल हे कुणी विचारत नाही.

कंप्युटर मोजून धोका ठरवणं

‘आमच्याकडं कंप्युटर दोनच हाइत की वो, आमचं कोण काय करतंय?’ हे वाक्य प्रत्येक दुसऱ्या शेडमध्ये ऐकायला मिळतं.

समजा, एकीकडे मच्छेतली फाउंड्री आहे. साठ-सत्तर माणसं, इंडक्शन फर्नेस, सात-आठ कंप्युटर. दुसरीकडे उद्यमबागेतलं मशीन शॉप. चार व्हीएमसी आणि दोन सीएनसी लेथ, म्हणजे प्रोग्रामवर धातू कापणाऱ्या मशीन, कंप्युटर दोनच, आणि काम जवळजवळ सगळं कोल्हापूरच्या पार्टीचं जॉबवर्क. कंप्युटर मोजले तर फाउंड्रीचा धोका मोठा. आता दोन्हीकडे रॅन्समवेअर, म्हणजे फायली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, शिरलं आणि सगळ्या फायली कुलूपबंद झाल्या असं धरा. फाउंड्रीत साचे पडत राहतात, भट्टी चालू राहते, चार्जमध्ये काय किती टाकायचं हे मेल्टिंगच्या मेस्त्रीला तोंडपाठ असतं. अडचण येते ती स्पेक्ट्रोला, म्हणजे धातूत काय किती आहे ते तपासणाऱ्या यंत्राला, जोडलेला कंप्युटर गेला तर, कारण मग हीट (वितळलेला एक घाणा) पास करायची कशाच्या जोरावर? तरी सॅम्पल बाहेरच्या लॅबला पाठवून दोन दिवस ढकलता येतात.

मशीन शॉपमध्ये मात्र एकाच कंप्युटरवर पार्टीची ड्रॉइंगं, कॅम सॉफ्टवेअरवर काढलेले मशीनचे प्रोग्राम, टॅली, आणि ब्राउझरमध्ये सेव्ह करून ठेवलेला ई-वे बिलाचा, म्हणजे माल गाडीनं न्यायला लागणाऱ्या सरकारी ऑनलाइन कागदाचा, पासवर्ड. कंप्युटर गेला की चारही एकदम गेले.

यात सीमाभागाची एक खास गोम आहे आणि ती पुण्याच्या फॉर्ममध्ये कधीच नसते. परराज्यातून जॉबवर्कला येणाऱ्या मालाला, किंमत पन्नास हजारांच्या आत असली तरी, ई-वे बिल काढावं लागतं. तयार माल परत जाताना रक्कम मोठी असली की पुन्हा तेच. म्हणजे उद्यमबागेतलाच माल उद्यमबागेत देणारा आणि कोगनोळीच्या पुढं, राज्याच्या हद्दीपलीकडे, माल पाठवणारा, या दोघांच्या मशीन एकसारख्या असल्या तरी कंप्युटर बंद पडल्यावर होणारं नुकसान एक नाही. उलाढाल 5 कोटींच्या वर असेल तर 1 ऑगस्ट 2023 पासून ई-इनव्हॉइसही आलं, म्हणजे बिलही सरकारी पोर्टलवर नोंदवायचं. पोर्टल तर मोबाइलवरही उघडतं, पण पासवर्ड कुणाला पाठ आहे आणि ओटीपी कुणाच्या नंबरवर येतो? मागच्या वर्षी काम सोडून गेलेल्या अकाउंटंटच्या नंबरवर येत असेल, तर तो कारखाना आजच धोक्यात आहे, व्हायरस यायची वाट बघायला नको.

तेव्हा दोन्हीकडे एकच प्रश्न टाका. ऑफिसचा मुख्य कंप्युटर सकाळी उघडलाच नाही तर पहिली गाडी कधी बाहेर पडेल? उत्तर तासांत आलं तर धोका कमी, आठवड्यांत आलं तर मोठा. 2019 च्या मार्चमध्ये नॉर्स्क हायड्रो या नॉर्वेच्या ॲल्युमिनियम कंपनीवर असाच हल्ला झाला. त्यांनी खंडणी दिली नाही, बॅकअपवरून सगळं परत उभं केलं आणि तोवर बरंच काम हातानं चालवलं. हातानं काम चालवता येणं ही ताकद आहे. आपल्याकडच्या जुन्या फाउंड्र्यांत ती भरपूर असते, पण फॉर्ममध्ये तिला रकानाच नाही.

बॅकअपपुढचा ‘होय’ खरा मानणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. दोन्ही कारखाने ‘होय’ लिहितात आणि दोघांनाही सारखे गुण मिळतात.

जाऊन बघा. एकाची हार्ड डिस्क टॅलीच्या कंप्युटरला वर्षभर लावलेलीच असते, धूळ बसलेली, निळा दिवा लुकलुकतोय. रॅन्समवेअर आलं की ते कंप्युटरबरोबर या डिस्कवरच्या फायलीही लॉक करतं, कारण त्याच्या लेखी ती फक्त आणखी एक ड्राइव्ह. दुसऱ्यानं सगळं क्लाउडवर सिंक केलेलं असतं. बिघडलेली फाइलही सिंक होऊन वर जाते. जुन्या आवृत्त्या ठरावीक दिवस मिळतात, पण त्या परत कशा आणायच्या हे त्या ऑफिसात कुणाला माहीत असलं तर. तिसरा दर शनिवारी डिस्क लावतो, कॉपी झाली की काढून घरी नेतो. तिघांचंही उत्तर ‘होय’च.

म्हणून ‘आहे का’ विचारायचं सोडा आणि ‘दाखवा’ म्हणा. मागच्या महिन्यातलं एखादं ड्रॉइंग बॅकअपमधून, दुसऱ्या कंप्युटरवर, माझ्यासमोर उघडून दाखवा. यात पाच मिनिटं गेली की अर्धा दिवस गेला, हीच दोन कारखान्यांची खरी तुलना. डिस्क लावली आणि ‘फॉरमॅट करा’ असा मेसेज आला, तर पुढचं काही विचारायची गरजच उरत नाही.

मशीनच्या बाजूचा बॅकअप तर जवळजवळ कुणीच धरत नाही. फानुक कंट्रोलरच्या पुष्कळ मशीनवर पॅरामीटर, ऑफसेट (म्हणजे मशीनची आणि टूलची सेटिंगं) आणि प्रोग्राम बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत असतात. बॅटरी अलार्मकडे दुर्लक्ष झालं, किंवा मशीन बंद ठेवून बॅटरी बदलली, की सगळं कोरं होऊ शकतं. मग सर्व्हिस इंजिनिअर येईपर्यंत मशीन उभी. हा सायबर हल्ला नव्हे, कबूल. पण हल्ल्यानंतर जी कॉपी लागेल तीच इथंही लागते. ज्याच्याकडे प्रत्येक मशीनच्या पॅरामीटरची कॉपी मेमरी कार्डावर, वर मशीन नंबर लिहून, कपाटात आहे, त्याला मी बाकी अर्धा फॉर्म न बघता वर ठेवीन.

‘मशीनला इंटरनेट नाही’ एवढ्यावर थांबणं

मशीनला नसेल, पण सेटरच्या, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याच्या, गळ्यातल्या पेन ड्राइव्हला आहे. तिच्यात मशीनचे प्रोग्राम, त्याच फोल्डरच्या शेजारी भावाच्या लग्नाचे फोटो आणि गाणी. सकाळी ती सायबर कॅफेत, दुपारी व्हीएमसीला, संध्याकाळी ऑफिसच्या कंप्युटरला. इंटरनेट नसलेल्या यंत्रणेत पेन ड्राइव्हवरून शिरता येतं हे स्टक्सनेट या व्हायरसनं 2010 मध्येच जगाला दाखवलं. 2012 मध्ये ऑटोकॅडची ड्रॉइंगं चोरून ईमेलनं बाहेर पाठवणारा एक वर्म सापडला होता. ड्रॉइंग पार्टीचं असतं, आपलं नसतं, हे विसरू नका. चोरी झाली तर मशीन एक मिनिटही थांबणार नाही, पार्टी मात्र कायमची जाईल.

दुसरी वाट एनीडेस्कची, म्हणजे लांबून आपला कंप्युटर चालवू देणाऱ्या सॉफ्टवेअरची. मशीन विकणाऱ्याचा माणूस लांबून प्रॉब्लेम बघतो, काम झालं की सगळे विसरतात, आणि पासवर्ड टाकून कायम आत येण्याची सोय तशीच उघडी राहते.

आता उलटी चूक. जुनी विंडोज दिसली की लाल शेरा मारायचा. विंडोज एक्सपीचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला संपला, विंडोज 7 चा 14 जानेवारी 2020 ला, विंडोज 10 चा 14 ऑक्टोबर 2025 ला. हे खरं आहे. पण कुठल्याच नेटवर्कला न जोडलेला, पेन ड्राइव्ह ठरलेली एकच असलेला एक्सपीचा डबा हा रिमोट डेस्कटॉप (लांबून कंप्युटर चालवायची सोय) थेट इंटरनेटवर उघडा ठेवलेल्या नव्या कोऱ्या सर्व्हरपेक्षा कमी धोक्याचा. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय हे रॅन्समवेअर पसरलं तेव्हा मायक्रोसॉफ्टचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, मार्चमध्येच आलेला होता. विंडोज 7 चालवणाऱ्या ज्यांनी तो टाकला नव्हता, ते सपोर्ट चालू असूनही सापडले. वय बघाच, पण आत यायच्या वाटा किती हे आधी बघा.

तीन गुणिले चार बरोबर बारा

शक्यता एक ते पाच, परिणाम एक ते पाच, गुणाकार करा, रंग भरा. तक्ता देखणा होतो. पण पाच गुणिले दोन दहा आणि दोन गुणिले पाचही दहाच. एकीकडे दर महिन्याला येणारी किरकोळ कटकट, दुसरीकडे क्वचित येणारं पण कारखाना बसवणारं संकट, आणि तक्त्यात दोन्ही एका रांगेत. त्यातून मच्छेला एकानं गुण दिले, होनग्याला दुसऱ्यानं. कॅलिब्रेशन न केलेल्या दोन व्हर्नियरनी दोन जॉब मोजून कुठला मोठा ते सांगण्यासारखंच हे. दोन्हीकडे एकाच माणसाला पाठवा, आणि आकड्याऐवजी दिवस आणि रुपये लिहायला लावा. ‘चार ते दहा दिवस, रोजचं इतकं बिलिंग अडणार’ असा अंदाज ढोबळ असला तरी तो मालकालाही पटतो आणि बँकेलाही.

प्रमाणपत्रांबद्दल एवढंच की आयएसओ 9001 हे दर्जाचं आहे, सायबरचं नाही. आयएसओ 27001, म्हणजे माहितीच्या सुरक्षेचं, असेल तर त्याचा स्कोप वाचा, कधी कधी त्यात फक्त हेड ऑफिस असतं आणि शेड बाहेर.

दोन कारखाने वेगळे आहेत असं धरून चालणं

गंमत इथं आहे. अ कारखाना कमकुवत वाटला म्हणून तुम्ही ब ला दुसरा व्हेंडर म्हणून घेतलंत. पण दोघांचा हार्डवेअरवाला एकच. तोच टॅली बसवतो, तोच सीसीटीव्ही, तोच वायफाय. सगळीकडचा ॲडमिन पासवर्ड एकच, कारण त्यालाही किती लक्षात ठेवणार? त्याच्या लॅपटॉपमध्ये कुणी शिरलं तर अ आणि ब एकाच रात्री जातात. सीए एक, पॅटर्न बनवणारा एक, हीट ट्रीटमेंटवाला एक, हे आपल्या भागात इतकं नेहमीचं आहे की डोळ्यांना दिसतच नाही.

टोयोटाला हे 2022 मध्ये कळलं. कोजिमा इंडस्ट्रीज हा प्लास्टिकचे भाग देणारा पुरवठादार हल्ल्यात सापडला आणि 1 मार्चला टोयोटाचे जपानमधले सगळे 14 कारखाने, 28 लाइन एक दिवस थांबल्या. शिरकाव झाला होता तो कोजिमाच्याही एका उपकंपनीच्या रिमोट कनेक्शनच्या उपकरणातून. टोयोटाची स्वतःची यंत्रणा शाबूत होती, पण भागच येणार नाहीत म्हटल्यावर ती काय कामाची?

म्हणून तुलनेच्या कागदावर एक ओळ वाढवा, दोघांत सामाईक कोण? तिथं एकच नाव दोनदा आलं, तर दुसरा व्हेंडर घेऊन धोका निम्मा झाला असं मानू नका.

‘आमच्याकडं कधी काही झालंच नाही’

झालं नाही की कळलं नाही? लॉग, म्हणजे कंप्युटरवर कोण कधी आलं, काय केलं याच्या नोंदी, ठेवलेच नसतील तर दोन्ही सारखंच दिसतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायची असते आणि लॉग 180 दिवस ठेवायचे असतात. ज्यानं दोन प्रकार सांगितले, तारखेसह, आणि नंतर काय बदललं तेही सांगितलं, त्याचे गुण कापणारे अनेक जण बघितलेत. अशानं पुढच्या वेळी कोण खरं सांगणार?

अडलं तर

दोघांचे गुण सारखे आले तर पैशाची वाट तपासा. ‘आमचं बँक खातं बदललं आहे, पुढचं पेमेंट इथं करा’ असा ईमेल आला तर काय करता? जुन्या, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन लावतो असं अकाउंटंट न अडखळता म्हणाला, तर तो कारखाना पुढे. पैसे गेल्यावर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करायचा, सीईएन (कर्नाटकातल्या सायबर गुन्ह्यांच्या) पोलीस ठाण्यात जायचं, हे किती जणांना माहीत आहे तेही विचारून घ्या. एक युनिट इकडे आणि दुसरं महाराष्ट्रात, कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावला असेल, तर तक्रार कुठल्या राज्यात करायची या वादात तास जातात. 1930 देशभर एकच आहे, आधी तो लावा.

कागदावर कारखाना चांगला आणि शेडमध्ये गेल्यावर वाईट वाटला, तर शेडवर विश्वास ठेवा. भिंतीवर इंग्रजीत छापलेली सूचना आणि खाली मराठी, कन्नड, हिंदी बोलणारे ऑपरेटर, म्हणजे ती सूचना फक्त ऑडिटरसाठी आहे.

आणि मालकानं माहिती द्यायलाच नकार दिला तर? ‘आमचं सगळं गुप्त आहे वो’ म्हणाला तर? अंदाजानं रकाना भरू नका. ‘होय’ नको, ‘नाही’ही नको, ‘माहिती मिळाली नाही’ असं लिहा आणि असे रकाने वेगळे मोजा. ज्या कारखान्यात ते जास्त, तिथली पुढची ऑर्डर लहान द्या आणि भेटीची तारीख आधी ठरवा. जाताना एक रिकामा लॅपटॉप न्या, बॅकअपची डिस्क त्यालाच लावायला सांगा.