दीड वितीची रेल्वे: गॅरेजच्या भिंतीवर शेल्फ लेआउट कसा बांधावा

गॅरेजमध्ये मॉडेल रेल्वे करायची म्हटली की माणूस आधी मधोमध एक भलंमोठं टेबल टाकतो. गाडी बाहेर जाते, टेबलावर चार रूळ पडतात, आणि वर्षभरात त्या रुळांवर रंगाचे जुने डबे नि सायकलचा पंप येऊन बसतो. मीही तेच केलं होतं. टेबल मोडलं आणि भिंतीलगत ३० सेंटीमीटर रुंदीची फळी बसवली, तेव्हा पहिल्यांदा माझा लेआउट पूर्ण झाला. त्यानंतर असे तीन बांधले. ज्याला करवत आणि ड्रिल धरता येतं, अशा माणसासाठी हा लेख आहे.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवतो. रेल्वेत पॉइंटला आपण सांधा म्हणतो, आणि दोन फळ्या जिथे मिळतात त्या जागेलाही सुतार सांधाच म्हणेल. इथे रूळ बदलतात तो सांधा, फळ्या मिळतात तो जोड.

आराखडा: कमी रूळ, जास्त खेळ

अरुंद फळीवर गोल फिरणारी गाडी बसत नाही, त्यामुळे तो हट्ट सोडा. इथे करायचं ते शंटिंग, म्हणजे वाघिणी पुढे-मागे ढकलून हव्या त्या क्रमाने जुळवणं. ब्रिटनमधले हौशी मॉडेलकार अ‍ॅलन राइट यांनी रूढ केलेला ‘इंगलनुक’ आराखडा मला अजून कंटाळवाणा झालेला नाही. दोन सांधे, तीन साइडिंग, म्हणजे वाघिणी उभ्या करायचे बाजूचे रूळ. एकीत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन, आणि पुढच्या आखूड रुळावर इंजिन आणि तीन वाघिणी. एकूण आठ वाघिणी. त्यांतल्या पाचांच्या चिठ्ठ्या काढायच्या आणि त्याच क्रमाने गाडी जुळवायची. असे क्रम ६,७२० होतात.

लांबी ठरवताना आपल्याकडच्या वाघिणी मोजा, दुसऱ्याच्या नकाशावरचे आकडे उचलू नका. एचओमध्ये, म्हणजे १:८७ प्रमाणात, छोटी चारचाकी वाघीण कपलिंगसकट ११ सेंटीमीटरच्या आसपास भरते. पाच वाघिणींना ५५, इंजिन आणि तीन वाघिणींना सुमारे ५०, आणि दोन आखूड सांध्यांना मिळून ४० धरा. दीड मीटरच्या आत खेळ बसतो. पण दीड मीटरवर थांबू नका. डोळ्याला मोकळी जागा लागते, एखादं गोदाम लागतं, म्हणून मी २.४ मीटर घेतो, १.२ मीटरच्या दोन फळ्या करून. एन स्केलमध्ये (१:१६०) याच फळीवर दुप्पट माल मावेल, पण हलक्या वाघिणी हळू ढकलताना अडखळतात. पहिला लेआउट एचओ किंवा ओओ (ब्रिटनमधलं १:७६ प्रमाण) करा. दोन्हींच्या रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटरच असतं.

एकसंध लांब फळी का नको, असं दरवेळी कुणीतरी विचारतं. भिंतीवरच्या फळीखाली मान वाकडी करून सोल्डरिंग करून बघा. वितळलेलं कथील खाली पडतं, आणि खाली आपला चेहरा असतो. फळी उतरवून, टेबलावर उलटी ठेवून वायरिंग करता आलंच पाहिजे. म्हणून दोन फळ्या, आणि म्हणूनच तो जोड.

फळी आणि भिंत

वर ९ मिलिमीटरचा प्लायवुड आणि खाली त्याच प्लायच्या ७५ मिलिमीटर उंच पट्ट्यांची चौकट. चौकटीला साधं पाइन वापरू नका. लाकूड लांबीला फारसं हलत नाही, पण हवेतल्या दमटपणाने आडवं फुगतं आणि आकसतं. दोन फळ्यांच्या चौकटी वेगवेगळ्या फुगल्या की जोडापाशी पायरी तयार होते. प्लायमध्ये थर आडवे-उभे चिकटवलेले असल्याने हा खेळ बराच आटोक्यात राहतो. सगळ्या बाजूंना, खालूनही, वॉर्निशचे दोन हात द्या.

उंची १२० ते १३० सेंटीमीटर, बॉनेटच्या वर. भिंतीवर खूण करण्याआधी गाडी आत आणून चारही दारं उघडून बघा. ब्रॅकेट दर ४० सेंटीमीटरला, रावल प्लग ठोकून, पाणसळ लावून. जिथे वाघिणी उभ्या राहायच्या तिथे उतार असला तर त्या आपापल्या निघून जातात. आणि पेट्रोलचा कॅन गॅरेजमध्ये ठेवत असाल तर तो आधी बाहेर काढा. इथे तापलेलं सोल्डरिंग आयर्न आहे आणि ठिणग्या टाकणाऱ्या छोट्या मोटरी आहेत.

जोड

इथे मात्र सावकाश वाचा.

मला पहिल्यांदा मिळालेला सल्ला असा होता: दोन्ही फळ्यांवर रूळ वेगवेगळे टाका, काठाशी कापा, मग फळ्या जवळ आणून सरकत्या फिशप्लेटने, म्हणजे दोन रुळांची टोकं जोडणाऱ्या धातूच्या पट्टीने, जोडा. पुष्कळ जण आजही हेच सांगतात. कोरड्या हवेत ते छान चाललं. हवा दमट झाली आणि जोडावर ‘टिक’ ऐकू येऊ लागलं. आणखी महिन्याभराने प्रत्येक तिसरी वाघीण तिथेच उतरू लागली. मी चाकं तपासली, वाघिणींना वजन घातलं, कपलिंग बदललं. एके दिवशी सहज रुळावरून नख फिरवलं तर ते जोडावर अडकलं. एचओच्या चाकाची कड सुमारे ०.६ मिलिमीटर खोल असते. नखाला लागलेली पायरी म्हणजे त्या चाकापुढे उभी भिंत.

लोक दोष रुळांच्या प्रसरणाला देतात. हिशोब करा. २.४ मीटर निकेल सिल्व्हरचा रूळ ३० अंशांच्या फरकाने जेमतेम सव्वा मिलिमीटर वाढतो, आणि त्याची सोय दोन फटींत होऊन जाते. खरा घात लाकूड करतं, आणि लाकडाबरोबर बोल्टची सैल भोकं. ८ मिलिमीटरच्या बोल्टला भोक साडेआठचं पाडलं की दरवेळी फळी बसवताना ती अर्धा मिलिमीटर कुठेही सरकू शकते. बोल्टने फळ्या आवळायच्या असतात. त्या जागेवर आणण्याचं काम डॉवेलचं, म्हणजे पितळेच्या नर-मादी खुंटीचं. ‘बोल्ट पुरे’ असं सांगणाऱ्याने आपली फळी दहादा काढून लावलेली नसते.

आता पद्धत. फळ्यांच्या टोकांच्या दोन पट्ट्या चौकटीला लावण्याआधी एकमेकींवर क्लॅम्पने घट्ट धरा आणि दोन्हींतून एकाच वेळी भोकं पाडा: दोन डॉवेलना, दोन बोल्टना. डॉवेल शक्य तितके लांब-लांब, दोन्ही टोकांना. एकेक पट्टी मोजून वेगळी भोकं पाडायचा मोह होतो, कारण क्लॅम्प शोधायला उठावं लागतं. उठा.

फळ्या बोल्टने आवळून भिंतीवर ब्रॅकेटवर ठेवा, आणि जोडावरचे रूळ तिथेच टाका. टेबलावर नाही. ब्रॅकेट कितीही सरळ लावले तरी फळीला थोडा पीळ देतात, तो पीळ बसल्यानंतरच रूळ बसले पाहिजेत. आणि रूळ जोडावरून अखंड न्यायचा. कापायचं सगळ्यात शेवटी. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर ते हे ठेवा.

रुळाखाली कॉर्क असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंना ५ सेंटीमीटर तो काढून तेवढ्याच जाडीची प्लायची पट्टी चिकटवा. कॉर्क दबतो. दोन्ही बाजूंना काठाच्या जवळचे दोन-तीन प्लास्टिकचे स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, काढून टाका. आता प्रत्येक रुळाच्या बरोबर खाली, काठापासून सुमारे १० मिलिमीटरवर, चपट्या डोक्याचा पितळी स्क्रू. दोन रूळ, दोन बाजू, म्हणजे चार स्क्रू. आधी बारीक भोक पाडा, नाहीतर प्लाय फाटेल. स्टीलचे स्क्रू चालणार नाहीत, त्यांवर सोल्डर नीट धरत नाही. स्क्रू इतकाच पिळा की त्याचं डोकं रुळाच्या तळाला हलकंच टेकेल. रूळ उचलला जाता कामा नये आणि खाली फटही राहता कामा नये. नजरेवर विश्वास ठेवू नका, स्टीलची पट्टी रुळावर उभी धरून पलीकडे दिवा लावा. उजेड झिरपला तर अजून पाव फेरा. पाव फेऱ्याने डोकं साधारण पाव मिलिमीटर वर-खाली होतं, आणि इथे तेवढ्यानेच काम होतं.

मग स्क्रूचं डोकं कानशीने घासून चकचकीत करा, त्यावर आणि रुळाच्या तळाला आधी सोल्डरचा पातळ थर द्या. फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा लेप, राळेचा. नळकाम करणाऱ्यांचं आम्लयुक्त फ्लक्स चुकूनही नको, पुढच्या वर्षी वायरी हिरव्या पडतात. आयर्न निदान ४० वॉटचं, आणि टोक आधी स्क्रूला लावा, रुळाला नाही. स्क्रू पुष्कळ उष्णता पितो. तो तापला की वरचा रूळ आपोआप धरतो. उलट केलंत तर रूळ तापेल, शेजारचे स्लीपर वितळतील आणि सोल्डर वरवर गोळा होऊन बसेल. असा जोड दिसतो छान आणि बोटाने सुटतो. शेजारच्या स्लीपरवर ओल्या कापसाचा बोळा ठेवा. एक रूळ पट्टीच्या आधाराने सरळ करून पक्का करा, दुसरा गेज, म्हणजे रुळांमधलं अंतर मोजायचं माप, लावून त्याच्या अंतरावर. मग हात मागे घ्या आणि गार होऊ द्या.

स्क्रूऐवजी तांब्याचा मुलामा असलेल्या पीसीबीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाटीच्या, पट्ट्याही लोक स्लीपर म्हणून वापरतात. त्या चांगल्या असतात. फक्त दोन रुळांच्या मधोमध तो मुलामा कानशीने आरपार कापावा लागतो, नाहीतर दोन्ही रूळ एकमेकांना जोडले जातात. मी कापला होता. पण सोल्डरचा एक थेंब त्या खाचेत जाऊन बसला आणि त्यावर मी रंग मारला. शॉर्ट सर्किट शोधण्यात दोन संध्याकाळी गेल्या, तेव्हापासून मी स्क्रूवाला आहे.

आता कापणं. फळ्या आवळलेल्याच असू द्या. बारीक दात्यांची पातळ करवत घ्या, रूळ लाकडी ठोकळ्याने बाजूने टेकवून धरा आणि काटकोनात, फळ्यांच्या फटीवर नेमकं कापा. फिरत्या चकतीनेही कापता येतं, पण मशिनचं डोकं मध्ये येतं आणि काप तिरका जातो. शिवाय चकती फुटते, तेव्हा चष्मा हवाच. कापल्यावर रुळाच्या आतल्या वरच्या कोपऱ्यावरून कानस फक्त एकदा, केसभर फिरवा. दोनदा नाही. पायरी उरली असेल तर ती कानशीने रूळ झिजवून घालवू नका. ती बाजू पुन्हा तापवा, रूळ उचला, स्क्रू पाव फेरा फिरवा, परत डाग द्या.

तपासणी नखाने करा, आणि मग सगळ्यात हलकी वाघीण बोटाने उलटी ढकलून. इंजिन वजनाच्या जोरावर वाईट जोडही ओलांडतं, त्याची साक्ष धरू नका. नंतर फळ्या सोडा, पुन्हा लावा, पुन्हा नख फिरवा. असं पाच वेळा.

जोडापासून १५ सेंटीमीटरच्या आत सांधा बसवू नका. आराखडा तसं मागत असेल तर आराखडा बदला.

वीज

एकच इंजिन आहे, १२ व्होल्टचा साधा डीसी कंट्रोलर पुरतो. डिजिटल नंतर घेता येईल. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची वायर द्या, फिशप्लेटच्या भरवशावर वीज पुढे नेऊ नका. खालून दीड चौरस मिलिमीटरची मुख्य जोडी, तिच्यावरून रुळांपर्यंत आखूड बारीक वायरी, आणि जोडापाशी प्लग. सांधे घेताना मधला तुकडा धातूचा, म्हणजे विजेवर चालणारा घ्या आणि सांध्याबरोबर त्याची वीज बदलणारं स्विच लावा. प्लास्टिकच्या तुकड्यावर छोटं शंटिंग इंजिन मुंगीच्या चालीने येतं आणि नेमकं तिथेच थांबतं. मग आपण बोटाने ढकलतो, आणि तेव्हाच कुणीतरी बघत असतं.

बाकीचं

खडी घाईने चिकटवू नका. एक कोरडा आणि एक दमट मोसम जाऊ द्या, जोड पुन्हा तपासा, मग पाणी मिसळलेल्या पांढऱ्या गोंदात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकून ती बसवा. गोंद जोडाच्या फटीत जाऊ देऊ नका. देखावा, गोदाम, मागचं आकाश तुमच्या आवडीचं.

रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या फडक्याने पुसा. पॉलिश पेपर कधीच नाही, त्याच्या ओरखड्यांत मळ आणखी बसतो. गॅरेजचं दार उघडलं की धूळ आत येणारच, म्हणून फळीच्या वरच्या काठाला एक कापडी पडदा खिळवून ठेवा. खेळून झालं की तो सोडा. वाघिणी मात्र रुळांवरच राहू द्या, म्हणजे उद्या चिठ्ठ्या काढून लगेच सुरू करता येईल.