मूव्हिंग अ‍ॅव्हरेजचा स्लोप: 45 अंशांच्या मागे लागण्याआधी

साधी सरासरी आणि एक्स्पोनेन्शियल सरासरी यांतला फरक, कँडल, टाइमफ्रेम हे सगळं तुम्हाला येतं असं धरूनच लिहितेय. त्यापुढचं काम म्हणजे सरासरी वर चाललीय की खाली, हे डोळ्यांऐवजी फॉर्म्युल्याला ठरवायला लावणं. नव्या माणसाचे कितीतरी महिने इथे विनाकारण जातात. माझे गेलेत, आणि ते अजून सलतं.

मूळ हिशोब दोन ओळींचा आहे. आजच्या सरासरीतून पाच कँडलपूर्वीची सरासरी वजा करा, पाचने भागा. हे उत्तर म्हणजेच सरासरीचा स्लोप. उत्तर अधिक आलं तर चढ, उणे आलं तर उतार. एवढ्यावर थांबलात तरी बरंच साधतं.

पण थांबत कोणी नाही, कारण क्लासमध्ये कानावर पडलेलं असतं, "सरासरीचा कोन 45 अंशांच्या वर गेला की घ्या." मग फॉर्म्युल्यात आर्कटॅन येतो, म्हणजे स्लोपवरून कोन काढणारं फंक्शन. उत्तर 0.785 असं काहीतरी दिसतं, कारण सॉफ्टवेअर कोन रेडियनमध्ये देतं. कोणीतरी सांगतं, 180 ने गुणा आणि पायने (π, 3.14) भागा. तसं केल्यावर पडद्यावर 45 उमटतात आणि वाटतं, जमलं. जमलेलं काहीही नसतं.

हे नीट समजून घ्या, मी याच खड्ड्यात होते. चार्टच्या आडव्या अक्षावर कँडल आहेत आणि उभ्या अक्षावर रुपये. ही दोन वेगळी मापं आहेत. त्यांच्यातला कोन चार्ट किती ताणलाय त्यावर ठरतो. माउसने उभा अक्ष जरा दाबा, 45 चे 20 होतील. फॉर्म्युल्याला पडदा दिसत नाही, म्हणून तो एक कँडल म्हणजे एक रुपया असं गुपचूप धरून चालतो. आता आकडे बघा. 100 रुपयांच्या शेअरची सरासरी दिवसात 1 टक्का चढली, म्हणजे 1 रुपया: कोन बरोबर 45 अंश. 10 रुपयांच्या शेअरची सरासरी तेवढीच, 1 टक्का चढली, म्हणजे 10 पैसे: कोन 5.7 अंश. एमआरएफचा भाव जून 2023 मध्ये एक लाखाच्या वर गेला. लाखावर 1 टक्का म्हणजे 1000 रुपये: कोन 89.94 अंश. चाल तिन्हींची एकच! उलट एमआरएफची सरासरी दिवसभरात जेमतेम एक रुपया हलली, म्हणजे जवळजवळ सपाटच राहिली, तरी फॉर्म्युला 45 अंश दाखवणार. अशा स्कॅनरमध्ये, म्हणजे अटीत बसणारे शेअर शोधून देणाऱ्या यादीत, महाग शेअर कायम जोरात पळताना दिसतात आणि स्वस्त शेअर कायम झोपलेले. ती यादी तेजीची नसतेच, ती भावाची असते.

उपाय अवघड नाही, घाबरू नका. स्लोपला सरासरीनेच भागा आणि 100 ने गुणा. रोज किती टक्के, हे कळतं. त्याहून बरं म्हणजे एटीआरने, म्हणजे शेअरच्या रोजच्या सरासरी हालचालीच्या मापाने भागणं. रोज एक टक्का हलणारा शेअर आणि रोज चार टक्के उसळणारा शेअर, दोघांना एकाच टक्केवारीने मोजणं न्यायाचं नाही. एटीआरने भागलं की त्या शेअरच्या नेहमीच्या हालचालीच्या मानाने चढ किती, ते समोर येतं. अंश हवेच असतील तर आर्कटॅन त्यानंतर लावा. मी लावत नाही.

आता साध्या सरासरीबद्दल एक गोष्ट, जी क्लासमध्ये मला कोणी सांगितली नाही. 20 दिवसांच्या सरासरीचा एका दिवसाचा बदल म्हणजे आजचा बंद भाव वजा 20 कँडलपूर्वीचा बंद भाव, भागिले 20. बस. मधल्या 19 दिवसांचा त्यात काही संबंध नाही. 4 जून 2024, लोकसभेच्या निकालाचा दिवस आठवा. निफ्टी 23,264 वरून 21,884 वर बंद झाला. तो भाव 3 जुलैला सरासरीतून बाहेर पडला. 2 जुलैला 20 दिवसांच्या सरासरीचा एका दिवसाचा स्लोप सुमारे 43 अंक होता, 3 जुलैला तो सुमारे 120 झाला. त्या दिवशी निफ्टी वाढला फक्त 160-165 अंक. स्लोपमधल्या 77 अंकांच्या उडीपैकी 69 अंक महिन्यापूर्वीच्या पडझडीने दिले, त्या दिवसाच्या बाजाराने आठच. ज्यांनी 'स्लोप अचानक वाढला' म्हणून सिग्नल घेतला, त्यांनी जूनची बातमी जुलैत विकत घेतली. म्हणून एका कँडलच्या फरकावर विसंबू नका. पाच-दहा कँडलचा फरक घ्या, किंवा सरासरीवर लिनिअर रिग्रेशन स्लोप लावा, म्हणजे सगळ्या बिंदूंना जवळून जाणाऱ्या सरळ रेषेचा चढ.

एक्स्पोनेन्शियलमध्ये वेगळीच गंमत. आजचा बंद भाव कालच्या ईएमएच्या (एक्स्पोनेन्शियल सरासरीच्या) वर असेल तरच ती सरासरी चढते. त्यामुळे 'भाव ईएमएच्या वर आणि ईएमए चढती' या दोन अटी लावून दुहेरी खात्री झाली असं मानू नका. अट एकच आहे, दोनदा लिहिलेली.

आणि हे मात्र ठणकावून सांगते: रेफचं, म्हणजे मागच्या-पुढच्या कँडलचा भाव आणणाऱ्या फंक्शनचं, चिन्ह तपासा. अ‍ॅमीब्रोकर या चार्टिंग सॉफ्टवेअरमध्ये मागची कँडल म्हणजे उणे एक. अधिक एक लिहिलंत तर उद्याचा भाव वाचला जातो. ट्रेडिंगव्ह्यूच्या पाइन स्क्रिप्ट भाषेत मात्र चौकटी कंसातला साधा एक म्हणजे मागची कँडल. एकीकडचा कोड दुसरीकडे उतरवताना हा घोटाळा हमखास होतो, आणि बॅकटेस्ट, म्हणजे जुन्या भावांवर घेतलेली फॉर्म्युल्याची चाचणी, असा देखणा येतो की माणूस नोकरी सोडायचा विचार करू लागतो. सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अभ्यासात तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधले 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात निघाले. त्या बाजारात तुमचा पहिलाच फॉर्म्युला सरळ रेषेत पैसे कमावतोय, तर आधी चिन्ह बघा.

डेटाही बघा. रिलायन्सचा एकास एक बोनस 28 ऑक्टोबर 2024 ला लागू झाला. शेअर दुप्पट झाले की भाव निम्मा होतो; त्यानुसार जुने भाव बदलून डेटा अ‍ॅडजस्ट केलेला नसेल तर भाव एका रात्रीत निम्मा दिसतो आणि 20 दिवसांची सरासरी पुढचे 20 दिवस घसरत राहते, कारण नसताना.

कुलूपबंद इंडिकेटर विकणाऱ्या सरांबद्दल माझं मत कडक आहे. आतला हिशोब दाखवत नसतील तर एक रुपया देऊ नका. ओळखीतल्या एखाद्या गणिताच्या शिक्षकाकडे तासभर बसा, जास्त मिळेल.

गणित कच्चं असेल तरी हे जमतं, खरंच जमतं. फॉर्म्युला लिहून झाला की कोणत्याही एका शेअरचे शेवटचे 21 बंद भाव एक्सेलमध्ये घ्या. सगळ्यात नव्यातून सगळ्यात जुना वजा करून 20 ने भागा. सॉफ्टवेअरमधला 20 च्या साध्या सरासरीचा एका कँडलचा स्लोप तोच आकडा दाखवायला हवा, तोही टक्के किंवा एटीआर लावण्याआधी. पैशाचाही फरक आला तर पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा चिन्ह, डेटा किंवा अजून बंद न झालेली आजची कँडल, यांपैकी काहीतरी निघतं.