निजामी मुलखातील पूर्वजांचे जन्मगाव कसे शोधावे

मराठवाड्यातील पूर्वजांचा शोध घेताना पहिली गफलत जिल्ह्याच्या नावावरून होते. उदगीर तालुक्यातील एखादे गाव 1940 च्या कागदात हैदराबाद संस्थानातील बिदर जिल्ह्यात दिसते, 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्य पुनर्रचनेनंतर तेच मुंबई राज्यातील उस्मानाबाद जिल्ह्यात, 1960 पासून महाराष्ट्रात आणि 1982 पासून लातूर जिल्ह्यात येते. शेजारचा भालकी तालुका मात्र म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. त्यामुळे टिपणात नुसते ‘बिदर’ न लिहिता गाव, तालुका, त्या वेळचा जिल्हा आणि कागदाचे वर्ष अशी पूर्ण नोंद ठेवावी. बुद्रुक की खुर्द हे तपासावे व शिवेला लागून असलेल्या गावांची नावेही घ्यावीत, कारण पिंपळगावे पैशाला पासरी आहेत.

निजामी कागदांवर बहुधा फसली सन, म्हणजे महसुली कामाची कालगणना, असतो. संस्थानाच्या अखेरच्या काळात हे वर्ष ऑक्टोबरात सुरू होत असे. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरच्या नोंदीस 590 आणि त्यापुढील महिन्यांच्या नोंदीस 591 मिळवावेत, म्हणजे इसवी सन निघतो. लिपी उर्दू असेल तर जाणकाराकडून वाचून घ्यावे आणि पहिल्याच वाचनावर विसंबू नये, कारण घाईच्या हस्ताक्षरात नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, गळतात व ब, प आणि त यांतला फरकच उरत नाही.

शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरातील जन्मतारीख 1 जून असेल, तर ती गुरुजींच्या अंदाजाची समजावी. जन्मस्थळाचा रकाना मात्र बारकाईने पाहावा. पहिले बाळंतपण माहेरी होण्याची रीत असल्याने जमीन निजामाच्या हद्दीत आणि जन्म इंग्रजी अमलातील बार्शीत, असा प्रकार सहज घडे. अशा वेळी आजीचे माहेर कळल्याशिवाय शोध पुढे सरकत नाही, आणि घरातील वडीलधाऱ्या बायकांना नेमका हाच प्रश्न कोणी विचारत नाही.

जमिनीसाठी तहसील कार्यालयात 1954-55 चे खासरा पत्रक, म्हणजे जमीन व तिच्या धारकांची नोंद, मागावे. पंढरपूर, नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आडनाव व मूळ गाव सांगून शोध घ्यावा. तेथे वंशावळ पिढ्यांच्या क्रमाने मिळण्याची शक्यता असते. दोन कागदांत गावाचे नाव वेगळे आले, तर एक खोडून टाकू नये. दोन्ही नोंदी वर्षासह जवळ ठेवाव्यात आणि घटनेच्या अधिक जवळच्या वर्षी झालेली नोंद आधी पडताळावी.