वजन घटत नव्हतं, कारण संध्याकाळचं फरसाण सुटत नव्हतं

जेवण मोजकं, तरी काटा जागचा हलेना. ऑफिसातून आलं की चहाबरोबर फरसाणाचा डबा उघडायचाच. ‘सोमवारपासून जिम’, रात्रीचा उपास, मध-लिंबू पाणी, सगळं करून झालं. फार वैताग आला होता.

लागू पडलं ते या क्रमाने. आधी दुपारच्या डब्यात वाटीभर मटकीची उसळ वाढवली. मग साडेपाचला, घरी निघण्यापूर्वी, मूठभर फुटाणे. भूक अशी आटोक्यात आल्यावरच फरसाण आणणं बंद केलं. हा क्रम उलटा केला तर टिकत नाही. चहात साखर दोन चमच्यांवरून एक, पंधरवड्याने अर्धा. रात्री जेवून उठलं की थेट बूट, वीस मिनिटं चालणं. मध्ये सोफ्यावर टेकायचं नाही, तिथेच सबबी सुचतात. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी उपाशीपोटी. महिन्याला किलोभर उतरतंय.